जनसुनावणीला जनता मिळेना

टेकडी गावाच्या मागे होती आणि ती तिथे असण्याबद्दल आजवर कोणाची लेखी हरकत नव्हती. पुढे खनिज कार्यालयाच्या निदर्शनास आलं की ही टेकडी वरपासून खालपर्यंत दगडाची आहे. गावाला हे माहीत होतंच, कारण लहानपणी तिच्यावर आपटून प्रत्येकाचे गुडघे फुटलेले होते. पण फुटक्या गुडघ्याला शासकीय पुराव्याचा दर्जा नाही. कार्यालयाने त्या काळ्या दगडाचा एक तुकडा नेला आणि त्यात स्वतःचं तोंड दिसेपर्यंत घासला. तोंड पसंत पडलं. सबब, टेकडी फोडण्यायोग्य आहे असा निष्कर्ष निघाला.

एका कंपनीने फोडायची तयारी दाखवली. कंपनीला टेकडी नको होती, फक्त तिच्यातला दगड हवा होता. दगड काढल्यावर टेकडीचं जे काही उरेल ते गावाने खुशाल ठेवून घ्यावं, अशी उदार अट तिने आपणहून घातली.

टेकडीच्या पायथ्याशी झरा होता आणि झऱ्यावर आत्या. खरं तर ती आत्या एकट्या पंक्चरवाल्याची. पण गावाने तिला सार्वजनिक करून टाकलं होतं. ती कपडे धुवायची. गावातले कपडे, शाळेचे पडदे, दवाखान्याच्या चादरी. तिच्या हातची चादर इतकी पांढरी निघायची की आजारी माणसाला तिच्यावर झोपायची लाज वाटायची आणि तो लवकर बरा व्हायचा, असं डॉक्टरच म्हणायचे. बाकी गावाला नळ होता. त्याला पाणी यायचं तेव्हा यायचं. आत्याचं सगळं झऱ्यावर. झरा गेला तर तिच्याकडे दोन हात उरणार होते आणि त्यांना पिळायला काही नसणार होतं.

आता गावाची एक खोड सांगायला हवी, कारण पुढचा सगळा सत्यानाश तिच्यातून झाला. ‘कोणी आहे का मदतीला?’ असं ऐकलं की या गावातल्या लोकांचा हात वर जायचा. मेंदूला विचारून नव्हे, थेट खांद्यातून. खड्ड्यात रुतलेली बस काढायला बोलावलं, तर इतके जण ढकलायला आले की ती पलीकडच्या खड्ड्यात गेली. एकदा दवाखान्याच्या गाडीत सलाईनची बाटली धरायला एक माणूस हवा होता. गाडीत एवढी माणसं चढली की पेशंटला उतरून चालत जावं लागलं. असं गाव. भाबडं म्हणा, मूर्ख म्हणा. पण माणसं घरात बसून राहणारी नव्हती.

तेव्हा टेकडीसाठीही हात वर गेले. पंक्चरवाल्याचं दुकान नेमकं टेकडीच्या फाट्यावर. त्याने एक शिट्टी घेतली. कंपनीचं मशीन फाट्यावर वळलं की तो शिट्टी फुंकायचा आणि हातातलं काम टाकून सगळं गाव रस्त्यावर येऊन बसायचं. न्हावी वस्तरा घेऊन यायचा आणि त्याच्या मागोमाग अर्धं तोंड साबणाचं घेऊन गिऱ्हाईक. मशीनचा चालक खाली उतरायचा, डोकं खाजवायचा आणि परत जायचा. कशाचा ठराव नाही, बैठक नाही, अध्यक्ष नाही. साहजिकच पद्धत उत्तम चालली होती.

म्हणून तिची दखल घेण्यात आली.

खनिज कार्यालयाचे साहेब स्वतः आले. सोबत कंपनीच्या जनसंपर्काच्या ताई होत्या. ताईंच्या चेहऱ्यावर असं हसू होतं की ते सकाळी लावून संध्याकाळी काढून ठेवत असाव्यात. साहेब म्हणाले, “तुम्ही निसर्गाचं रक्षण करताय, ही गौरवाची बाब आहे. मात्र हे रक्षण अनधिकृत आहे. तो गुन्हा नाही, पण शोभत नाही. तुम्हाला अधिकृत करण्यासाठी मी आलोय.”

ताईंनी खोकी उघडली. आत नारिंगी जाकिटं. पाठीवर ठळक अक्षरांत ‘टेकडी रक्षक स्वयंसेवक’, आणि छातीवर, डाव्या बाजूला, कंपनीचं चिन्ह.

न्हावी म्हणाला, “साहेब, ज्याच्यापासून राखायचं त्याच्याकडूनच कपडे घ्यायचे?”

“कंपनीला समाजासाठी काहीतरी द्यावंच लागतं. नियम आहे,” साहेब म्हणाले. “तुम्ही जाकिटं नाकारलीत तर त्यांना वृक्षारोपण करावं लागेल.”

गाव घाबरलं. शेजारच्या गावात वृक्षारोपण झालं होतं. तिथले खड्डे अजून पाय मोडत होते. जाकिटं घेतली गेली.

आणि खरं बोलायचं तर ती आवडलीही. पाठीवर काहीतरी लिहिलेलं असलं की माणूस ताठ चालतो. पंक्चरवाला तर भर उन्हात जाकीट घालून ट्यूब घासायला लागला. त्याला सगळे कप्तान म्हणू लागले. आधी थट्टेने, मग सवयीने, आणि शेवटी त्याने स्वतःच दुकानावर रंगवून घेतलं.

अधिकृत रक्षणाचे नियम आले. गस्त ठरलेल्या वाटेनेच घालावी. ठरलेली वाट नव्हती, म्हणून ती श्रमदानाने काढावी. जाणारे दोन रक्षक आणि येणारे दोन रक्षक एकमेकांना धक्का न लागता गेले पाहिजेत, म्हणून ती रुंद असावी. वळणावर रक्षकांना चक्कर येऊ नये, म्हणून वळणं सोपी असावीत. गाव राबलं. झुडपं तोडली, दगड हलवले, चढ कापला. वाट इतकी सुरेख झाली की तिच्यावरून भरलेला ट्रक सहज गेला असता. हे ज्याच्या लक्षात आलं त्याने ते कौतुकाने बोलून दाखवलं.

एकट्या आत्याने जाकीट घेतलं नाही.

“घाल की गं,” कप्तान म्हणाला. “सगळं गाव आहे यात. तू एकटीच बाहेर. बरं दिसतं का?”

“मला कशाला? मी दिवसभर इथंच असते. टेकडीला काय झालं तर पाण्यात आधी दिसेल. तुझी शिट्टी नंतर.”

“बरं, नको घालू. पण एवढी जाकिटं धुऊन दे. मळलीत बघ किती.”

“सगळ्या गावाची?”

“गावाचं काम आहे आत्या. पैसे काय मागणार मी कोणाकडे?”

आत्या पुटपुटली. तुझा बापही असाच होता, असं काहीतरी. मग तिने जाकिटं पाण्यात टाकली. नारिंगी रंग एका धुण्यात उतरला नाही. कंपनीने माल चांगला दिला होता.

मग सुनावणीची सूचना लागली. कायदा असा की टेकडी फोडण्याआधी जनतेला विचारलं पाहिजे. जनतेने काय सांगितलं ते ऐकलंच पाहिजे असं कायद्यात नाही, पण विचारलं पाहिजे. गाव खूश झालं. कप्तानाने आरशासमोर उभं राहून भाषण पाठ केलं. न्हावी गिऱ्हाइकाच्या मानेवर वस्तरा ठेवून मुद्दे मांडायचा, त्यामुळे त्याच्याशी कोणाचा मतभेद होत नव्हता.

सुनावणीच्या तयारीला साहेब आले आणि त्यांनी तो घातकी प्रश्न अगदी सहज विचारला. “गर्दी प्रचंड होणार. गोंधळ झाला तर सुनावणी रद्द होईल. स्वयंसेवक लागतील. कोणी आहे का?”

खांदे हलले. सगळे हात वर.

कोणी खुर्च्यांवर, कोणी माइकवर, कोणी पाणी वाटायला, कोणी चपला सांभाळायला, कोणी गाड्या लावून द्यायला. तरी माणसं उरली. त्यांना गर्दीनियंत्रणावर घेतलं. म्हाताऱ्यांना स्वागताला उभं केलं. ज्यांना उभंही राहता येत नव्हतं त्यांना टाळ्यांवर नेमलं. एकही माणूस नाराज होऊन घरी गेला नाही, याचं श्रेय साहेबांना द्यायला हवं.

सुनावणी शाळेच्या सभागृहात. पडदे आत्याने धुतलेले. मंचावर साहेब, ताई आणि पाण्याचा जग. समोर प्लास्टिकच्या खुर्च्यांच्या ओळी, इतक्या सरळ की दोरी लावून मांडल्यासारख्या; आणि खरंच दोरी लावली होती, त्यासाठी दोघे वेगळे होते. भिंतींना पाठ लावून चारही बाजूंनी नारिंगी जाकिटं. दारात जाकिटं. खिडक्यांत जाकिटं. गर्दीनियंत्रणवाल्यांनी हातात हात घालून साखळी केलेली.

खुर्च्या रिकाम्या. फक्त मधल्या ओळीत, ओल्या पदराने हात पुसत, आत्या.

साहेबांनी घड्याळ पाहिलं. “जनता कुठे आहे?”

सगळ्यांनी दाराकडे पाहिलं. मग एकमेकांकडे. मग हळूहळू, एखाद्याच्या घशात घास अडकावा तसं, सगळ्यांच्या ध्यानात आलं.

कप्तान पुढे झाला. “साहेब, आम्हीच की जनता.”

“तुम्ही आयोजक. आयोजकांनी बोलायचं नसतं. पक्षपात दिसतो.”

न्हाव्याने ताडकन जाकीट काढून खुर्चीवर टाकलं. “आता?”

“आता तुम्ही काम सोडून पळालेले आयोजक. घाला ते.”

न्हाव्याने घातलं. तेवढ्यात आत्या उठली.

“मी बोलते. मी नाही कसली आयोजक. मला झऱ्याबद्दल बोलायचंय.”

सभागृहात जीव आला. साखळीतले हात घट्ट झाले. साहेबांनी पेन उघडलं. ताईंनी हसू जागेवर आहे का ते तपासलं आणि साहेबांच्या कानाशी काहीतरी बोलल्या.

“बाई,” साहेब म्हणाले, “एक सांगा. ही जाकिटं फार स्वच्छ आहेत. कोण धुतं?”

“मी.”

“मोबदला घेता?”

“कसला मोबदला? भाच्याने आणून टाकली, धुतली. गावाचं काम.”

साहेबांनी पेन बंद केलं. “मोबदला न घेता गावाचं काम करणारी व्यक्ती म्हणजे स्वयंसेवक. बसा. नाही, बसू नका. खुर्च्या जनतेसाठी आहेत. भिंतीला उभ्या रहा.”

आत्या उभी राहिली नाही; घरी गेली. दवाखान्यात चादरींसाठी पेशंट खोळंबले होते. साहेबांनी निर्णय वाचला: जनता अनुपस्थित. जनतेचा शोध घेण्यात येईल आणि ती सापडल्यावर पुन्हा सुनावणी होईल. दरम्यान, कोणाचीही हरकत नोंदली न गेल्याने चाचणीपुरतं खोदकाम सुरू करण्यास हरकत नाही. टाळ्यांवर नेमलेल्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांचं ते कामच होतं.

गस्तीच्या वाटेने मशीनं चढली. वाटेची रुंदी पाहून चालकांनी गावाचे आभार मानले.

कप्तानाने शिट्टी फुंकली. कोणी आलं नाही. सुनावणीनंतर रक्षकांना नवी कामं लागली होती: वळणावळणावर हिरवं-लाल निशाण घेऊन उभं राहायचं, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या ट्रकमुळे टेकडीवरच्या एखाद्या जिवाला इजा होऊ नये. लेखी आदेशाशिवाय जागा सोडायची नाही. न्हावी तिसऱ्या वळणावर होता. त्याने शिट्टी ऐकली. हातातल्या निशाणाकडे पाहिलं. समोर ट्रक आला म्हणून हिरवं दाखवलं. नंतर कधीतरी तो म्हणाला, “लाल दाखवलं असतं तर काय झालं असतं रे?” पण त्या वेळी त्याच्या अंगात जाकीट होतं, आणि जाकिटातल्या माणसाला असले प्रश्न पडत नाहीत.

सुरुंगाचा पहिला धमाका झाला आणि झऱ्याचं पाणी ताकासारखं झालं. आत्याने वाट पाहिली. निवळेल म्हणाली. निवळलं नाही. चादरी पांढऱ्या टाकल्या की राखाडी निघायला लागल्या. तिने दोनदा धुतल्या, उकळल्या, पुन्हा धुतल्या. दवाखान्याने गाठोडं परत पाठवलं. डॉक्टर स्वतः आले होते सांगायला, मान खाली घालून. “आत्या, राग मानू नका. जखमेत दगडाची कच जाते. शहरातून मागवतोय आता.”

कप्तान झऱ्याशी आला तेव्हा आत्या त्या गाठोड्यावर बसली होती. धार बोटाएवढी झाली होती.

“आत्या…”

“बोलू नको. ऐक. नुसती शिट्टी होती तेव्हा तू पंक्चरवाला होतास ना?”

“हो.”

“आणि मशीन परत जायचं.”

“जायचं.”

“मग कप्तान कशाला झालास रे मेल्या?”

तो जाकिटाची चेन वरखाली करत राहिला. आत्याने त्या जाकिटाकडे पाहिलं. मग तिचे डोळे बारीक झाले. कापडावरचा हट्टी डाग बघताना होतात तसे.

“दुसरी सुनावणी आलीये म्हणे.”

“परवा. जनता सापडली म्हणतात. कुठं सापडली देव जाणे.”

“सगळ्यांची जाकिटं गोळा कर. काय कळकट झालीत. अशी घालून साहेबांपुढं जाणार?”

“पण पाणी…”

“आण म्हटलं ना.”

जाकिटं आली. डोंगर झाला त्यांचा. आत्याने ती सगळी मोठ्या हंड्यात आणि दगडी टाकीत भिजत घातली, वर फळ्या टाकल्या आणि फळ्यांवर आपण बसली.

सुनावणीच्या दिवशी सकाळी गाव जाकिटं मागायला आलं.

“वाळली नाहीत,” आत्या म्हणाली.

“मग ओलीच दे.”

“ओली घालून न्यूमोनिया झाला तर दवाखान्यात चादर नाही. जा तसेच.”

गाव तसंच गेलं. कोणी सदऱ्यात, कोणी विटक्या बनियनवर, बायका साध्या साड्यांत. पाठीवर काही लिहिलेलं नाही, त्यामुळे आपण कोण हे क्षणभर कोणालाच कळेना. सभागृहात खुर्च्या मांडलेल्या नव्हत्या. मांडणारे जमिनीवर बसले होते. माइक लावलेला नव्हता. पाणी नव्हतं. चपला दारात कशाही पडल्या होत्या. लेकरं रडत होती, म्हातारे खोकत होते, मागचे पुढच्यांना सरकायला सांगत होते. तुडुंब. या सभागृहात आयुष्यात पहिल्यांदा जनता बसली होती, आणि ती दिसायला अगदी जनतेसारखीच होती.

साहेब आत आले आणि थबकले. “स्वयंसेवक कुठे आहेत?”

“अनुपस्थित!” न्हावी मागून ओरडला. असा हशा पिकला की पडदे हलले.

“मग तुम्ही कोण?”

“जनता!”

आत्या पुढच्या ओळीत होती. भाचा तिच्या शेजारी, अंगात नुसता गंजीफ्रॉक, काळे हात मांडीवर. बऱ्याच दिवसांनी तो पंक्चरवाल्यासारखा दिसत होता. आत्याने त्याच्या पाठीवर हात ठेवला, जिथे पूर्वी अक्षरं होती तिथेच.

साहेब चिडले नाहीत. हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. साहेब चिडतात तेव्हा अजून काहीतरी शिल्लक असतं. ते उलट मायेने म्हणाले, “तुम्हाला आमची सूचना नीट समजली नाही. जनता सापडली आहे. आज फक्त तिचा निर्णय वाचून दाखवायचा आहे.”

“आम्ही इथं बसलोय ना ढळढळीत!” पंक्चरवाला उठला.

“तुम्ही स्थानिक. स्थानिकांचा संबंध टेकडीशी. प्रश्न दगडाचा आहे. दगडाशी ज्यांचा संबंध, ती जनता. आम्ही शहरात तिला भेटलो. फार सभ्य आहे. रांगेत उभी राहते.”

आत्याने विचारलं, “कुठं भेटली?”

ताई पहिल्यांदाच मोठ्याने बोलल्या. “आमच्या दुकानात, मावशी. लोक घर बांधतात, घर सजवतात. ओट्याला, पायरीला, फरशीला दगड लागतो. आम्ही प्रत्येकाला नमुने दाखवून मत विचारलं. अगदी घरातल्या बायकांचं वेगळं विचारलं.”

“काय विचारलं?”

“काळा की करडा?”

मागचे पुढच्यांना सरकायला सांगायचे थांबले. एक लेकरू रडत होतं, तेही थांबलं.

“आणि?”

“प्रचंड बहुमताने काळा.”

“झऱ्याचं विचारलं?”

साहेबांनी कागद उलटून पाहिला. प्रामाणिकपणे पाहिला. “प्रश्नात झरा नव्हता, बाई.”

“त्यातल्या एकानं तरी विचारलं का, दगड कुठनं येतो म्हणून?”

“एकाने विचारलं,” ताई म्हणाल्या. “घरपोच येतो, असं सांगितल्यावर त्यांचं समाधान झालं.”

सुनावणी संपली. टाळ्या वाजल्या नाहीत. टाळ्यांवरची माणसं आज जनतेत बसली होती.

आत्या घरी आली. फळ्या काढल्या, जाकिटं पिळली, वाळत घातली आणि वाळल्यावर ज्याची त्याला दिली नाहीत. त्यांचे तुकडे करून तिने पोतेरी केली. पण कंपनीचं ते कापड पाणी शोषेना. झऱ्याच्या जागी आता ओल आहे. ती दगडावर हात ठेवून बसते. टेकडी कलेकलेने कमी होते आहे. ट्रक शहराकडे, म्हणजे तुमच्याकडे, जातात.

पहिल्या सुनावणीत ज्या खुर्च्या रिकाम्या होत्या, त्या तुमच्यासाठी मांडल्या होत्या. तुम्ही आला नाहीत असं आम्ही उगीचच समजत होतो. निर्णयात तुमची उपस्थिती ठळकपणे नोंदलेली आहे. तेव्हा हे वाचून झालं, त्या भाबड्या गावाला यथेच्छ हसून झालं, की जरा स्वयंपाकघरात जा आणि ओट्यावर हात ठेवा. गार लागतो ना? छान गार. आत्या म्हणते, ते आमचं पाणी.

काळा घेतलात, ते बरं केलंत. दुकानातल्या माणसाने तुम्हाला सांगितलंच असेल, काळ्यावर डाग दिसत नाहीत. आत्याने जन्मभर डागच काढले. ती म्हणते, दिसत नाहीत, एवढंच.